किल्ल्यातली बहात्तर माणसं

२ जून

चि. बारक्यास,
अ. उ. आ. वि. वि.

आपल्या व्हिडिओ गेमचं मेमरी कार्ड सोबत पाठवलं आहे. तू सांगितलंस तसं आधी रुमालात, मग चष्म्याच्या कडक डबीत आणि मग पाकिटात. कुरिअरवाल्याने डबी हलवून पाहिली आणि आत काय आहे म्हणून विचारलं. आत एक किल्ला आहे आणि त्यात एकेचाळीस माणसं राहतात असं सांगितल्यावर तो जरा मागे सरकला. पावती मात्र मुकाट्याने दिली.

फोन बंद आणि पत्र चालू हे आपलं ठरलं ते बरंच झालं. फोनवर तू नुसतं हं हं करतोस आणि मी खेळात पुढे काय होतं ते सांगून मोकळी होते. पत्रात निदान तुला चार ओळी खरडाव्याच लागतात. तू तिकडे जुनं मशीन शोधून काढलंस हेही छान. आता मशीनं दोन, कार्ड एक आणि खेळही एकच. महिनाभर तू खेळायचं, महिनाभर मी.

आता भांडण. तू कॉलेजात असताना जुन्या बाजारातून हा खेळ आणलास, तेव्हापासून आपण तो तीनदा सुरू केला आणि तीनदा अर्ध्यात सोडला. त्याला कारण ही गर्दी. किल्ल्यात बहात्तर सोबती गोळा करायचे, आणि मोहिमेवर नेता येतात सहा. मग बाकीच्यांचं काय लोणचं घालायचं? प्रत्येकाला तलवार घ्या, चिलखत घ्या, लेव्हल वाढवा. एकाचं आटपेपर्यंत दुसरा मागे पडलेला असतो. दर गावात कुणीतरी दारात उभा, मीही येतो म्हणतो, आणि तू घेतोस. गोष्ट चार पावलं पुढे जाते आणि पुन्हा कुणाला तरी घ्यायला थांबते. मला माझे सहा पुरेत: दाढीवाला, जळकी, ती तिरंदाज मावशी आणि मंडळी. त्यांचा राग-लोभ मला ठाऊक आहे. बाकीचे म्हणजे लग्नातल्या फोटोतली मागची रांग.

खरं बोलायचं ते वेगळंच आहे. तुझ्या मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तिथे कायम राहायचं की परत आपल्या गावच्या डेपोत यायचं ते ऑफिसने नोव्हेंबरअखेर कळवायला सांगितलंय, आणि तू परत येणार. कारण काय, तर तिथे ओळखीचं कुणी नाही. अरे, नऊ मजली इमारतीत राहतोस, शहरभरच्या लिफ्ट दुरुस्त करतोस, अख्खं गाव तुझ्या हातून वर-खाली जातं, आणि ओळखीचं कुणी नाही? पगार चांगला, काम आवडीचं, साहेब तुझ्यावर खूश. खेळात रस्त्यावरच्या कुणालाही घरात घेतोस आणि बाहेर मात्र तोंडाला कुलूप.

म्हणून माझी अट. ह्यापुढे किल्ल्यात एक नवा सोबती घेतलास, की तिथल्या शहरात एक खरं माणूस मिळवायचं. नुसती मान हलवलेली चालणार नाही. बोलायचं, आणि त्याच्याविषयी काय कळलं ते पत्रात लिहायचं. जमत नसेल तर कार्ड परत पाठव, मी माझ्या सहा जणांना घेऊन शेवट गाठते. नोव्हेंबरपर्यंत एवढं कर. त्यानंतरही यावंसं वाटलं तर खुशाल ये, घर काही कुठे पळून जात नाही.

पत्र लांबलं, लोभ त्याहून लांब आहे. तिकडूनही तसाच येत राहो.

तुझी
ताई


१९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डबी पोचली, किल्ला शाबूत आहे. तुझी अट वाचून कपाळाला हात लावला. तुझ्यापुढे कुणाचं चाललंय, जे माझं चालणार!

पण गर्दीबद्दल तू जे लिहिलंस ते मला मान्य नाही. आमच्या प्रत्येक लिफ्टमध्ये पाटी असते, सहा व्यक्ती. सातवा चढला की घंटा वाजते. म्हणून कुणी सहाच माणसांची इमारत बांधतं का? मोहिमेवर सहा न्यायचे, कबूल. पण परत आल्यावर कुणी तरी घरात असायला हवं ना. सुरुवातीला तो किल्ला आठवतो का तुला? नुसत्या भिंती आणि पायऱ्यांवर गवत. मग एक स्वयंपाकी आला, तर धुराड्यातून धूर निघायला लागला. लोहार आला, तर ठोक ठोक ऐकू यायला लागलं. माणूस आलं की किल्ल्याचा एक कोपरा जागा होतो. लढाया तर सगळ्याच खेळांत असतात. मला ह्या खेळात परत परत यावंसं वाटतं ते तिथे कोण कोण राहतंय हे बघायला.

तू ज्याला जागा अडवणारा म्हणतेस त्या उगीचरावाचंच घे. विहिरीपाशी उभा असतो. तलवार धरता येत नाही, मंत्र येत नाही, लेव्हल वाढवली तरी अंगी लागत नाही. कधीही बोला, आज वारा पडलाय एवढंच म्हणतो. मी मोहिमेवरून आलो की आधी त्याच्याकडे जातो. वारा पडलाय असं त्याच्याकडून ऐकलं की मग मला घरी आल्यासारखं वाटतं. आणि बहात्तर जण जमले की तळघरातलं ते बंद दार उघडतं, हे विसरू नकोस. त्याच्यामागे काय आहे ते आपण दोघांनीही अजून पाहिलेलं नाही.

ह्या खेपेला दोन सोबती मिळाले. एक डुलकीमास्तर, जो उभ्या उभ्या झोपतो, आणि एक नावाडी. त्यामुळे तुझ्या हिशेबाने मला दोन माणसं द्यावी लागतात.

पहिली, चौथ्या मजल्यावरची शिंपीण. आमच्याच इमारतीच्या लिफ्टचं मोठं काम निघालं आणि ते माझ्याच गळ्यात पडलं. लिफ्ट बंद, त्यामुळे सगळी इमारत माझ्याकडे खाऊ की गिळू करून बघते. ही बाई कापडाचं गाठोडं घेऊन तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत थांबली होती. लिफ्ट बंद करणारा तो मीच का असं तिने विचारलं. मी हो म्हणालो आणि गाठोडं उचललं. कळलं ते असं: तिला एका कानाने ऐकू येत नाही, म्हणून ती ओरडून बोलते; नाटकगृहातल्या नोकरांचे कोट शिवते; आणि टेप न लावता नुसत्या नजरेने माप घेते. माझा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे असं तिने जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

दुसरी एक बाई. आवाज फार गोड, कामावर रोज भेटते. नेमक्या कुठल्या मजल्यावर राहते ते सांगता येत नाही, पण बोलते अगदी स्पष्ट.

कार्ड जपून वापर. माझ्याविषयी काळजी करणं कमी केलंस तर उपकार होतील, पण तेवढं जमायचं नाही तुला. माया आहे ती तशीच राहू दे.

तुझा
बारक्या


११ जुलै

चि. बारक्यास,
अ. उ. आ. वि. वि.

मला काय कुक्कुलं बाळ समजतोस का रे? सगळ्या मजल्यांवर असणारी ती गोड आवाजाची बाई म्हणजे लिफ्टमधली रेकॉर्ड केलेली बाई! दार बंद होत आहे म्हणणारी! दुकानात एकटीच मोठ्याने हसले, समोरचं गिऱ्हाईक फ्रेम घालून आरशात बघत होतं, त्याला वाटलं मी त्यालाच हसले. फ्रेम ठेवून गेला बिचारा. त्याचं नुकसान तुझ्या नावावर. एक माणूस तुझ्याकडे बाकी आहे.

शिंपीण मात्र आवडली. तिला विचार, नजरेने माप घेते तर तिला चष्मा आहे का, आणि असला तर किती नंबरचा.

खेळात मी तुझं म्हणणं ध्यानात ठेवून चार-दोन जणांशी बोलले. खोटं कशाला सांगू, काही जण मजेशीर आहेत. तो गुहेतला म्हातारा किल्ल्यात यायला तयारच होत नव्हता, त्याच्यासाठी तीन गावं पालथी घालून एक विशिष्ट रंगाची टोपी आणावी लागली. टोपी दिल्यावर तो इतक्या सहज चल म्हणाला की मला त्याचा रागही आला आणि लाडही. म्हणजे माणूस मिळवण्यात गंमत आहे, हे मी मान्य करते. पण मिळाल्यानंतर काय? मिळेपर्यंत त्याला गोष्ट असते, आणि किल्ल्यात आला की त्याची एका वाक्यावर बोळवण होते. खेळ लिहिणाऱ्याचा तरी काय दोष, बहात्तर जणांना तो किती पुरणार! परवा खिंडीत एक जण घायाळ होऊन पडला, मोठं दुःखी संगीत वाजलं, जळकी रडली, आणि मी आपली आठवतेय की हा नक्की कोण. तो जुळ्यांमधला होता, वाचला म्हणून बरं. मी दोघांना एकच समजत होते.

माझा धंदाच मुळी एका वेळी एका माणसाचा आहे. त्यातही एक डोळा झाकायचा आणि एकच बघायचा. नीट दिसायचं तर असंच दिसतं, असं माझं आपलं मत.

इथे सगळं ठीक. शेजारचं घड्याळांचं दुकान बंद झालं, त्यामुळे दुपारचा चहा आता मी आतच पिते. स्वयंपाक दोन दिवसांचा एकदम करून ठेवते, तेवढाच वेळ वाचतो. मग खेळायला बसायला बरं. मला काय धाड भरलीय, मी मजेत आहे.

एकावन्न झाले आहेत. पुढचे तू बघ, आणि खरी माणसं दे, रेकॉर्ड केलेली नकोत. आशीर्वाद नेहमीचेच, पण ताजे आहेत.

तुझी
ताई


२४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आता बस म्हणायची वेळ आली आहे. सांगतो.

लिफ्टच्या कामाला जास्त दिवस लागले. मोटर बदलली, दोर बदलले, तर दाराचा एक भाग चुकीचा आला, तो परत पाठवला. लोक रोज जिने चढत होते आणि मजल्यागणिक माझ्या नावाने बोटं मोडत होते. म्हणून मी डेपोतल्या भंगारातून खुर्च्या आणल्या, पाय ठोकून घेतले आणि एक सोडून एक मजल्यावर जिन्याच्या वळणावर मांडल्या. हेतू एवढाच, की लोकांना दम खाता यावा आणि शिव्यांचा जोर कमी व्हावा.

झालं भलतंच. लोक बसायला लागले. एक बसला की वर जाणारा दुसरा थांबतो. शिंपीण पाचव्या मजल्यावर बटणं लावत बसते. (चष्मा आहे, नंबर ती सांगत नाही.) सातव्या मजल्यावरचे संगीतमास्तर गुडघ्यांमुळे महिनाभर खाली उतरलेच नव्हते, त्यांनी शिष्यांना खुर्चीपर्यंतच बोलवायला सुरुवात केली, त्यामुळे संध्याकाळी सगळ्या जिन्यात सूर भरलेला असतो, निम्मा बेसूर. वॉचमनला बुद्धिबळ येतं, आणि तो हरला की मोहरे खिशात घालून निघून जातो. टॅक्सीवाली एक आहे आठव्या मजल्यावर, तिला स्वतःला लिफ्टची भीती वाटते. तिने मला हळूच सांगितलं की लिफ्ट दुरुस्त झाली तरी ती जिन्यानेच जाणार, खुर्च्या काढू नकोस. ह्या खेपेला सोबती मिळाले तीन आणि मागचं एक माणूस बाकी, म्हणजे देणं चार; त्यातली मास्तर, वॉचमन आणि टॅक्सीवाली ही तीन झाली. चौथा आमचा साहेब, त्याने मला जेवायला बोलावलं आणि आपल्या बागेतला हौद दाखवला. त्यात एकच मासा आहे.

आता तुझ्या बाजूने बोलतो, ऐकून घे. इतकी माणसं झाल्यावर पुरं पडता येत नाही. ह्याच्या नळाची चकती, तिच्या शिलाई यंत्राचा पट्टा, मास्तरांचे गुडघे. चहा करतो तो निवून जातो. परवा टॅक्सीवालीची गोष्ट मी वॉचमनची समजून वॉचमनला विचारलं की बाळंतपण कसं झालं. तुझ्या जुळ्यांचं मला तेव्हा पटलं. खेळातही तसंच आहे. आता चोपन्न जण झालेत, सगळ्यांशी बोलत किल्ल्याची फेरी मारायची म्हटलं तर लढाईला वेळच राहत नाही. कुणाला तरी विसरतोच. आणि ज्याला विसरतो तो नेमका पुढच्या मोहिमेला लागतो.

तरी मला गर्दीच हवी. काल लिफ्ट सुरू झाली. मी तळमजल्यावर बटण दाबलं, आत उभा राहिलो, आणि चौथा मजला गेला तसं मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. पाचव्याला बाहेर पडलो आणि खुर्चीवर जाऊन बसलो.

नोव्हेंबरचं अजून ठरत नाही. जूनमध्ये ठरलेलं होतं, आता ठरत नाही, हे तुझ्या अटीचं फळ. कार्ड पाठवतोय. पुलाची लढाई जवळ आली आहे, तिथे जपून. तुझी आठवण खुर्चीवर बसल्यावर जास्त येते. पत्राची वाट बघत,

तुझा
बारक्या


३० सप्टेंबर

चि. बारक्यास,
अ. उ. आ. वि. वि.

वाचायच्या आधी बसून घे.

उगीचराव गेला.

माझ्यामुळे गेला. पुलाची लढाई आली. सगळं सैन्य पलीकडे काढायचं आणि कुणाला तरी पूल अडवायला मागे ठेवायचं असं खेळाने विचारलं. मला वाटलं ही आपली एक रीत आहे, तोंडदेखली. माझे सहा मला पुढे हवे होते. चांगले लढणारे मागे ठेवायचे कशाला? यादीत खाली खाली गेले आणि ज्याचा कशालाच उपयोग नाही त्याला ठेवलं. त्याने मान डोलावली, आज वारा पडलाय म्हणाला आणि पुलावर जाऊन उभा राहिला. मग पूल पेटला. संगीत थांबलं, आणि पडद्यावर त्याचं खरं नाव आलं, अमुक ह्याने पूल राखला असं. आणि बारक्या, ते नाव वाचून मला कळेचना हे कोण. इतकी वर्षं आपण त्याला उगीचराव म्हणतोय, खरं नाव कधी वाचलंच नव्हतं मी.

त्यावर कळस म्हणजे मी लगेच सेव्ह केलं. हाताची सवय. दुकानाचं शटर ओढलं की कुलूप दोनदा ओढून बघते, तसं लढाई झाली की सेव्ह. केल्यावर लक्षात आलं, कार्डावर जागा एकाच सेव्हची. आधीचं काहीच शिल्लक नाही. आता बहात्तर होणं नाही, आणि ते दार उघडणं नाही.

किल्ल्यात परत आले. सवयीने नाही, मुद्दाम विहिरीपाशी गेले. तिथे कुणी नव्हतं. आणि मग जे पाहिलं ते तुला सांगायलाच हवं. डुलकीमास्तर जागा होता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा डोळे उघडे. म्हणाला की झोप लागत नाही, रोज तो विहिरीपाशी काहीतरी पुटपुटायचा. स्वयंपाक्याने एक ताट जास्त वाढलं होतं. टोपीवाला म्हातारा म्हणाला की त्याला किल्ल्याची वाट उगीचरावानेच दाखवली होती. मी सगळा किल्ला फिरले, प्रत्येकाशी बोलले, प्रत्येकाकडे त्याचं काहीतरी होतं.

मी म्हणत होते बहात्तर जणांना गोष्ट नाही. गोष्ट होती रे. ती एकमेकांत वाटून ठेवलेली होती, आणि मी सहाच जणांशी बोलत असल्यामुळे ती मला दिसली नाही. हे कळलं तेव्हा मला खूप वाईट वाटलं. एवढ्या मोठ्या बाईने खेळातल्या माणसासाठी डोळे पुसायचे, हसशील तर हस.

तू म्हणशील तर पहिल्यापासून सुरू करते. सगळे बहात्तर मी एकटी गोळा करून देते, लेव्हलसकट. रागावला असशील तर रागावून लिही, पण लिही. आशीर्वाद देणारीच आज जरा पडेल आहे, चालवून घे.

तुझी
ताई


२२ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पहिल्यांदा खरं सांगतो, रागच आला. डबी उघडलीसुद्धा नाही. जिन्यात तोंड पाडून बसलो तर शिंपिणीने ओरडून विचारलं की कोण गेलं. मी म्हटलं उगीचराव. मग तो कोण, काय, सगळं सांगावं लागलं, आणि तिच्या ओरडण्यामुळे ते सर्व मजल्यांना कळलं. संगीतमास्तर काठी टेकत खाली आले आणि म्हणाले की त्यांच्याकडे असाच एक शिष्य होता, गळा अजिबात नव्हता, पण तो येईनासा झाल्यावर क्लासमध्ये मजा राहिली नाही. मग टॅक्सीवालीने कुणाचं तरी सांगितलं. तासभर असं चाललं. राग कुठे गेला ते कळलं नाही.

पहिल्यापासून सुरू करायचं नाही. पूल त्याने राखला तो राखला. पुसून टाकून पुन्हा केलं तर मग त्याने काय केलं? कार्ड परत पाठवतोय, एकाहत्तर जणांना घेऊन शेवट गाठू. दार बंद राहिलं तर राहू दे.

पण ताई, दुसरंच काहीतरी बोलायचं आहे. उगीचरावाबद्दल तू आधी काय काय लिहिलं होतंस ते बघायला मी तुझी जूनपासूनची सगळी पत्रं काढून वाचली. त्यांत माझी शिंपीण आहे, माझे मास्तर आहेत, जळकी आहे, दाढीवाला आहे. तुझं म्हणावं असं एकही माणूस नाही. चहा आतच पितेस. स्वयंपाक दोन दिवसांचा एकदम करतेस. मी गाढव, मला ती तुझी काटकसर वाटली. घड्याळवाले गेले, मी आलो इकडे, आणि तू मला माणसं गोळा करायला लावून स्वतः कुलूप दोनदा ओढून घरी जातेस.

तेव्हा माझं ठरलं. साहेबांना तोंडी सांगितलं आहे की मी परत जाणार. लेखी नोव्हेंबरअखेर द्यायचं आहे, ते देईन. वॉचमन बुद्धिबळात मुद्दाम हरला आणि मोहरे खिशात न घालता बसून राहिला. शिंपिणीने ओरडून विचारलं की का, तर मी सांगितलं की तिकडे माझी बहीण एकटी आहे. ती पहिल्यांदाच हळू बोलली, पण काय ते मला नीट ऐकू आलं नाही.

इथे मला आवडायला लागलं होतं, ते तुझ्यापासून लपवत नाही. पण तू एकटीने जेवायचं आणि मी इथे खुर्च्या मांडायच्या, हे मला जमणार नाही. डिसेंबरात मी घरी असेन. दोघांचा स्वयंपाक रोज ताजा करायची तयारी ठेव. प्रेम आहे म्हणून पत्र लिहितोय असं समजू नकोस, प्रेम आहे म्हणून येतोय.

तुझा
बारक्या


१२ नोव्हेंबर

चि. बारक्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र दुकानातच उघडलं. समोर एक गिऱ्हाईक एक डोळा झाकून तक्ता वाचायला बसलं होतं. डिसेंबरात घरी असेन इथपर्यंत आले आणि मला पुढचं दिसेना. ते गिऱ्हाईक म्हणजे एक तरुण मुलगी होती, डोळ्यावरचा हात तसाच ठेवून तिने विचारलं की काही वाईट बातमी आहे का. मी म्हटलं, नाही गं, फार चांगली आहे, माझा भाऊ परत येतोय.

आता खरं लिहिते. तू परत यावंस असं मला तू गेलास त्याच दिवसापासून वाटत होतं. तुझ्या प्रत्येक पत्रात एकेक माणूस वाढायचं आणि मला आनंद व्हायचा, आणि वाटायचं की हा आणखी थोडा लांब गेला. तू लिहिलंस ते अगदी बरोबर आहे. मी एकटी आहे आणि मला एकटं आवडत नाही. झालं लिहून.

त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं आणि घरी जाऊन तुझी खोली झाडली. गादी गच्चीत उन्हात टाकली, पडदे धुतले, तुझ्या कपाटाच्या दाराला तेल घातलं. सगळं लख्ख झाल्यावर खोलीत बसले, आणि मला त्या जिन्यातल्या खुर्च्या दिसायला लागल्या. मास्तर खाली येतील आणि खुर्चीपाशी कुणी नसेल. मी हे किल्ल्यात एकदा केलं आहे. माझ्या सोयीसाठी पुन्हा करायचं नाही.

ती मुलगी गुरांची डॉक्टर आहे. जनावरांच्या दवाखान्यात नवीन आली आहे, लॉजच्या एका बिनखिडकीच्या खोलीत राहते आणि रात्री बिस्किटं खाऊन झोपते. नंबर काढताना तिने हे सगळं सांगितलं, कारण ह्या गावात तिला बस म्हणून म्हणणारी मीच पहिली. तिचाही एक भाऊ आहे, लांब कुठेतरी. तुझं पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या लॉजवर गेले आणि तिला सामानासकट घेऊन आले.

तेव्हा तुझी खोली मी दिली आहे. आता यायचं म्हटलंस तरी झोपायला जागा नाही. ऑफिसला राहतो म्हणून लेखी दे, आणि शिंपिणीला आधी सांग, म्हणजे सगळ्यांना कळेल.

तिच्या बुटांना घोड्यांचा वास येतो. ते दाराबाहेर ठेवायचे हे ठरवताना आमचं पहिलं भांडण झालं. भाजी तिला कच्चट आवडते, मला शिजलेली. काल मी खेळायला बसले तर शेजारी येऊन बसली आणि हा कोण, ती कोण, हिचं पूर्ण नाव काय, असं एकेकाचं विचारायला लागली. किल्ल्यातल्या सगळ्यांची ओळख करून देता देता सगळी संध्याकाळ गेली, लढाई एकही झाली नाही. कार्ड ह्या खेपेला उशिरा मिळेल.

तुझं सामान दोन पेट्यांत भरलं आहे. न्यायला म्हणून ये, चार दिवस राहा, बाहेरच्या खोलीत गादी घालू, आणि मग परत जा. पेट्या बांधताना मला रडू आवरेना. ती बाहेर होती, तिला ऐकू गेलं असणार. आत आली आणि समोर बसली. दोरी मी आवळली, आणि गाठ मारता यावी म्हणून तिने दोरीवर बोट धरलं.

आशीर्वाद आहेत, लोभ आहे, आणि आता तो वाटून घ्यायला माणसं आहेत. तुझा वाटा कमी होणार नाही. राहा तिथेच.

तुझी
ताई